चौकातले तीन ड्रम

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मोठमोठे गुन्हे आता नीट आठवत नाहीत, पण तीन ड्रमच्या चोरीचा तो तपास मनातून जात नाही. आठवला की अजूनही मान खाली जाते.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी फौजदार होतो. गावाबाहेर चार रस्ते एकमेकांना तिरपे मिळत. पूर्वी तिथून मोजक्या एसट्या आणि बैलगाड्या जायच्या. जिल्हा झाला आणि कचेऱ्यांच्या जीपा, ट्रक वाढले. त्यात दुष्काळ, म्हणून पाण्याचे टँकर. कोणी कोणासाठी थांबत नसे. अपघात नित्याचे झाले.

बांधकाम खात्याचा एक तरुण अभियंता माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, इथं शिपाई उभा करून भागणार नाही. गाडीला सरळ जाताच येऊ नये, असा चौक पाहिजे."

त्यानं कोपऱ्यांवरच्या टपऱ्या मागं सरकवायला लावल्या, म्हणजे आडव्या रस्त्यानं येणारा लांबून दिसावा. डांबराच्या रिकाम्या ड्रमांना चुना फासला, बुडाशी थोडा मुरूम टाकला आणि ते चौकाच्या मधोमध गोल मांडले. पक्का कठडा मंजूर होईपर्यंतची ही सोय. प्रत्येक गाडीला वेग कमी करून वळसा घालावा लागे. सुरुवातीला ड्रायव्हर लोकांनी शिव्या घातल्या, मग सवय झाली. अपघात जवळजवळ थांबले.

एके सकाळी खबर आली की टँकरनं सायकलवाल्याला उडवलं. जाऊन पाहतो तर गोलातले एका बाजूचे तीन ड्रम गायब. टँकर त्या फटीतून सरळ घुसला होता. सायकलवर गावातल्या शाळेचे एक शिक्षक होते. ते नियमाप्रमाणे वळसा घालून येत होते. जागीच गेले.

ड्रायव्हर पळाला नाही. "रस्ता मोकळा दिसला साहेब, घातली गाडी," एवढंच तो म्हणत राहिला.

शिक्षकांची पत्नी सरकारी दवाखान्यात नर्स होती. संध्याकाळी अंत्यविधी झाला. दुसऱ्या दिवशी मी तिचा जबाब घेतला. शेवटी तिनं विचारलं, "ड्रायव्हरला तुम्ही धरलं. ड्रम कोणी नेले?"

मी चोरीचा गुन्हा नोंदवला आणि तपास ठाण्यातल्या जुन्या जमादाराकडे दिला. अनुभवी, शब्दाला पक्का म्हणून त्याचं नाव होतं. दुपारपर्यंत त्यानं ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या दोघा मजूर भावांना उचलून आणलं. "पाण्याचे हाल आहेत तिथं. हेच नेणार," तो म्हणाला. मलाही ते पटलं.

तालुक्याला कामासाठी जाऊन परत आलो, तर धाकट्या भावाचे तळपाय सुजले होते. त्याला उभं राहता येईना. मी मारहाण थांबवली आणि स्वतः विचारपूस सुरू केली. थोरला भिंतीला टेकून बसला होता.

"ड्रम नेऊन भरू कशानं, साहेब? आमच्याकडं टँकर येतच न्हाई. बाया झऱ्याचं पाणी वाटीवाटीनं भरायल्यात."

ड्रम चोरणाऱ्याकडे आधी ड्रम भरण्याएवढं पाणी हवं, ही साधी गोष्ट ठाण्यात कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. दोघांना दवाखान्यात पाठवलं आणि मी चौकात गेलो. तिथं एका म्हाताऱ्या चाचांचं चहाचं हॉटेल होतं. गिऱ्हाईक उठून जाईपर्यंत ते माझ्याकडे बघेनात. मग हळूच म्हणाले, "साब, मला साक्षीला उभं करू नका. ड्रम गावात नका हुडकू. तुमच्याच लाइनीत बघा."

दोन पंच घेऊन मी पोलीस लाइनीत गेलो. जमादाराच्या घरामागं तिन्ही ड्रम उभे होते. आतून जाळून, घासून साफ केलेले, काठोकाठ भरलेले, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. बाहेरून चुना तसाच होता. घरातून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

जमादार मागं येऊन उभा राहिला. "पोरगी बाळंतपणाला आली हाय, साहेब. लाइनीत टँकर पहिल्यांदा येतो, पण साठवायला काही नव्हतं. एवढ्या मोठ्या गोलातले तीन गेले तर काय होतंय, असं वाटलं."

"आणि त्या दोघांना का मारलं?"

त्यानं ड्रमवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाला, "कोणावर तरी घालावं लागणार होतं."

पंचनामा मीच लिहिला. ज्या माणसाच्या भरवशावर ठाणं सोडून जायचो, त्याला अटक केली. त्याची सून की लेक, कोणीतरी दारात येऊन उभी होती. मी तिकडे पाहिलं नाही. ड्रायव्हरवर निष्काळजीपणाचा खटला झाला, जमादाराची नोकरी गेली.

नर्सबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यांच्या मयतीला बंदोबस्ताला तेच जमादार होते ना?"

"हो," मी म्हणालो. त्या उठून वॉर्डात निघून गेल्या.

त्यानंतर नोकरीभर अपघाताच्या जागी गेलो की आधी रस्ता पाहायचो, मग ड्रायव्हर. वळण कसं आहे, कोपऱ्यावर काय आडवं येतं, कोणी काय हलवलं, हे पंचनाम्यात लिहायला लावायचो. चौकात मध्ये ठेवलेली वस्तू कोणाचीच नसते असं आपण धरून चालतो, आणि त्यातून माणूस जातो. एवढं शिकलो, पण मान खाली जाते ती वेगळ्याच कारणानं.

माफी मागायला मी त्या वस्तीत गेलो होतो. धाकटा भाऊ घराबाहेर आला नाही. थोरल्यानं घोंगडी अंथरली, बसवलं. माझं बोलणं होईपर्यंत तो जमिनीकडे बघत होता.

"मारलं ते राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "पण पहिल्यांदा आमच्याकडंच का आलात, तेवढं सांगा."

उत्तर तेव्हाही माहीत होतं: चोरी झाली की आधी ओढ्यापलीकडेच बघायचं, हे जमादारासारखंच मीही धरून चाललो होतो. त्याच्यासमोर बसून ते तोंडातून निघेना.