अलगद ठेवलेला पेला

"आजी, पेला किती अलगद ठेवता हो तुम्ही," काउन्सेलर मुलगी म्हणाली. ब्याऐंशीव्या वर्षी हे कसलं खूळ, असं कुरकुरतच मी लेकीच्या हट्टापायी ठाण्याला या काउन्सेलरकडे आले होते. पण त्या वाक्यासरशी मी कल्याणच्या आमच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सात वर्षांची. माझ्या हातून पितळी तांब्या फरशीवर पडला आणि आई कान दाबून किंचाळत सुटली. दुसऱ्या सकाळी वडिलांनी तिला इस्पितळात न्यायला टांग्यात बसवलं. "आईला आवाज सोसत नाही. तू गप्प राहा," ते मला म्हणाले. दारात तिच्या ओल्या केसांचा शिकेकाईचा वास तेवढा राहिला. ती परत आली नाही. तेव्हापासून मी भांडं वाजू दिलेलं नाही.

"तुमच्या आई आधीपासून आजारी होत्या का?" हे सगळं ऐकून काउन्सेलर मुलीनं हळूच विचारलं.

होती की. कित्येक महिने ती धड जेवत नव्हती, भिंतीकडे बघत बसायची. म्हणजे ती तांब्यामुळे गेली नव्हती.

पण टांगा वळेपर्यंत ती मागे, माझ्याकडे बघत होती. मी हाक मारली नाही. तेवढा एक आवाज तिला सोसला असता.