कोपऱ्यावर थांबणारा गडी

ऑफिसात तिला सगळे पंचबाई म्हणत. ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात लबाडी करणाऱ्यांना हुडकून कायमचं बाहेर काढायचं, हे तिचं काम. कुणी तक्रार केली की त्या डावाचं रेकॉर्डिंग तिच्या पडद्यावर येई. नाव नाही, गाव नाही, नुसता खेळ. आणि बाई अशी कडक, की तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. "चोर तो चोर," ती म्हणे, "मग पोर असो की थोर."

त्या दुपारी आलेला डाव तर अगदीच सरळ होता. शत्रू दिसला रे दिसला, की या गड्याची बंदूक आपोआप त्याच्या डोक्यावर जाऊन बसायची, केसभरही न हलता. असे चोरटे प्रोग्राम हवे तेवढे मिळतात. ती बटण दाबणार, तेवढ्यात काहीतरी खटकलं. गडी प्रत्येक कोपऱ्यावर थांबत होता. आधी उजवीकडे बघायचा, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि मगच पुढे. अहो, चहूकडून गोळ्या सुटत असताना असं कोण करतं?

असं करणारा एकच माणूस तिला ठाऊक होता. जन्मभर बस चालवलेला, रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणारा. तिचा बाप.

आई गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा तिनेच त्यांना हा खेळ शिकवला होता. आधी "हे कसले पोरखेळ!" म्हणून नाक मुरडलं, आणि मग असे रमले की विचारू नका. कुठल्या कुठल्या गावच्या पोरांच्या टोळीत त्यांना जागा मिळाली. पोरं त्यांना 'उस्ताद' म्हणत. संध्याकाळी हेडफोन लावून म्हातारा खदाखदा हसायचा, आणि ते हसू ऐकायला तिची पावलं घराकडे लवकर वळायची.

ओळखीचं कुणी निघालं तर रेकॉर्डिंग शेजारच्या टेबलावर द्यायचं, असा नियम होता. 'शंका आहे, पुरावा नाही' असा शेरा मारून सोडून दिलं असतं, तरी कुणाला पत्ता लागला नसता. बापाला चोर ठरवायचंच, तर परक्याने का? तिने बटण दाबलं आणि बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली.

घरी बाबा बंद पडद्यासमोर बसले होते.

"काढलं मला."

"मीच काढलं, बाबा."

"स्वतःच्या बापाला?" त्यांचा आवाज चढला.

"मग लबाडी का केलीत? कधी सिग्नल तोडला नाहीत तुम्ही!"

त्यांनी हात पुढे केला. तो थरथरत होता.

"नेम लागेना गं. माझ्यापायी टोळी हरायची. पोरं काही बोलत नव्हती, पण किती दिवस सांभाळून घेणार?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला दिसेल असं वाटलं."

"चहा अर्धाच कप दे गं," असं ते कधीपासून म्हणत होते आणि ती देत होती. परक्यांचा हात केसभर हलला नाही तरी तिला कळायचं. समोर बसलेल्या बापाच्या हाताकडे मात्र तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

"पोरांना काय सांगू आता?"

"खरं ते सांगा."

त्यांनी सगळ्यांना एकत्र फोन लावला आणि काही न लपवता सांगून टाकलं. पलीकडून एकेकाने फोन ठेवला. कुणी शिवी दिली नाही, एवढंच.

"उतरले सगळे," बाबा म्हणाले. डेपोत गाडी लावून घरी आल्यावर आईला असंच सांगायचे.

तिने उठून चहा टाकला.

"अर्धाच," ते म्हणाले.

तिने कप काठोकाठ भरला आणि त्यांच्या हाताखाली आपला हात धरला.