दुपट्ट्याखालचा नकार

फोन आला तेव्हा मी आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या स्टँडवर उभा होतो. किन्हीराजाला, माझ्या गावी, आईला भेटून परतत होतो. समोर रिसोडची गाडी लागलेली, तिच्या बाजूला वाशिमची. रिसोडला जायचं हे मी सकाळी गावातून निघतानाच ठरवलं होतं, आणि स्टँडवर आल्यावर उसाचा रस घेत उभा राहिलो होतो. कंडक्टरने हाक दिली, मी दुसरीकडे पाहिलं. रसवाल्याला म्हटलं, अजून अर्धा दे. तेवढ्यात पदमचंदजींच्या मुलाचा, प्रकाशचा फोन आला. "काका, बाबा गेले. पूजा करून गादीवर येऊन बसले न् तसेच कलंडले." मी काहीतरी बोललो असेन. मग त्याच रिसोडच्या गाडीत चढलो. जे सांगायला जायचं होतं ते ऐकणारा माणूस आता नव्हता, आणि त्यामुळे तिथं जाणं एकदम सोपं झालं होतं... हे वाक्य कागदावर उतरवायला मला कित्येक आठवडे लागले. पण ते खरं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पदमचंदजी रिसोडच्या धान्यबाजारातले अडते. शेतकऱ्यांची तूर-सोयाबीन हर्रासीत, म्हणजे लिलावात, विकून द्यायची, हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. मी वाशिमला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. आमची ओळख भांडणातून झाली. रिसोडला एका व्याख्यानात मी हमीभावावर बोलत होतो, आकड्यांवर आकडे सांगत होतो, आणि मागच्या खुर्चीवरून खांद्यावर पांढरा दुपट्टा टाकलेला एक उंच माणूस उठला. "मास्तर, तुमी भाव भाव करून राह्यले, पण भाव म्हंजे काय हे सांगतलंच नाही." सभागृह हसलं. मीही हसलो, पण माझे कान तापले होते. कार्यक्रमानंतर त्यांनीच मला दंडाला धरून दुकानात नेलं, चहा पाजला आणि गादीमागचं कपाट उघडून दाखवलं. खातेवह्यांच्या वर पुस्तकांची रांग होती. ऑस्ट्रियन अर्थशास्त्र म्हणतात ती सगळी परंपरा तिथं होती. भाव हा कचेरीत ठरत नाही, हजारो माणसांना आपापल्या जागी जे थोडंथोडं ठाऊक असतं त्याची ती खूण असते, आणि म्हणून माणसाला त्याच्या देण्याघेण्यात मोकळं सोडावं, असं मानणारी ही माणसं. मी ती पुस्तकं परीक्षेपुरती चाळली होती. पदमभाऊंनी ती वाचली होती, समासात भांडत भांडत. बाजारातले हमाल त्यांना 'ऑस्ट्रेलियावाले शेठ' म्हणायचे. ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसत. "जाऊ दे न बाप्पा," म्हणायचे, "कांगारू तं कांगारू."

त्यांनी एकच पुस्तक लिहिलं. 'झाकलेला भाव' हे त्याचं नाव. त्यांच्या वडिलांच्या काळी सौदा दुपट्ट्याखाली व्हायचा. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात दुपट्ट्याखाली धरत, बोटं दाबून भाव सांगत, आणि ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा राहून नुसता दुपट्टा हलताना पाहायचा. ही पद्धत बंद झाली, चांगलंच झालं. पण ती इतकी वर्षं का टिकली, त्यात कोणाला काय कळत होतं आणि कोणापासून काय लपत होतं, याचा असा विचार मी दुसऱ्या कुणी केलेला पाहिला नाही. मोकळ्या बाजाराचा एवढा कैवारी माणूस, पण त्याने स्वतःच्या बापाची बाजू घेतली नाही. बाजार मोकळा म्हणायचा तर बोली मोठ्याने झाली पाहिजे, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. वडिलांचा दुपट्टा मात्र त्यांनी टाकला नाही. रोज खांद्यावर घ्यायचे, दुकानात आले की गादीमागच्या खुंटीला अडकवायचे.

मी त्याच सुमारास माझा प्रबंध पुस्तकरूपाने काढत होतो. हस्तलिखित त्यांना वाचायला दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी परत केलं आणि विचारलं, "मास्तर, याच्यात तू कुठी हायेस?" तोवर ते मला 'तू' म्हणू लागले होते. मी म्हटलं, "म्हंजे?" ते म्हणाले, "समदे लोक याच्यात हायेत. तूच नाही." वाईट हेतू मुळीच नव्हता. चहा ओततानाच बोलले ते. पण ते माझ्या आत जाऊन बसलं, आणि मी त्याला बसू दिलं.

या विचारपरंपरेतल्या लेखनासाठी, ऑस्ट्रियन अर्थशास्त्र आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार यांसाठी, एक लहानसा न्यास दरवर्षी पुरस्कार देतो. न्यासाचं नाव लिहीत नाही, कारण चूक न्यासाची नव्हती. फार लोकांना हा पुरस्कार ठाऊक नसेल, पण पदमभाऊंच्या लेखी त्याहून मोठं काही नव्हतं. "मले पाह्यजे हाय तो," ते उघड म्हणायचे. "पाह्यजे तं पाह्यजे म्हनावं. लाजाचं काय त्याच्यात? पोराच्या लग्नात फेटा पाह्यजे म्हनाले लाजते का कोनी?" धान्यबाजारातल्या माणसाने, मराठीत, रिसोडला बसून केलेलं काम कुणीतरी वाचलं आणि त्याला काम म्हटलं, एवढं त्यांना हवं होतं. वय झालं होतं, छातीचं दुखणं सुरू झालं होतं. ते बोलून दाखवत नसत, पण घाईत होते.

त्या न्यासाने मला निवड समितीवर घेतलं. कुणाहीपेक्षा जास्त आनंद पदमभाऊंनाच झाला. त्या समितीची एक रीत आहे. तिथं बहुमत चालत नाही. चौघांचं मत पाचव्यावर लादायचं नाही, हे त्या लोकांचं तत्त्वच. म्हणून सगळ्यांची संमती असेल तरच पुरस्कार, आणि एकाने नाही म्हटलं तर त्या वर्षी नाही. कोण नाही म्हणालं ते बाहेर सांगायचं नाही. मी हे पदमभाऊंना सांगितलं तेव्हा ते खुश झाले होते. "हे खरं. कोनाच्याच मानेवर पाय नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पण हे थोडं दुपट्ट्याखालचंच झालं, नाही?"

त्या वर्षी तुरीच्या दिवसांत मी एकदा रिसोडला गेलो तर ते दुकानात नव्हते. सरकारी खरेदी केंद्रावर गेले आहेत, असं प्रकाश म्हणाला. जाऊन पाहतो तर ट्रॅक्टरांच्या लांब रांगेत, एका ट्रॉलीच्या सावलीत, पदमभाऊ मांडी घालून बसलेले. रांगेत माणसांच्या जागी चपला, दगड, पाण्याच्या कॅन ठेवलेल्या. मला पाहून हात केला. "ये, बस. पाह्य इकडं. भाव वरून बांधला ना, तं लोकायले वाटते भाव गेला. जात नाही तो. रांगीत येऊन बसते. ह्या दगडालेबी आता भाव हाय. इचार कोनालेबी, नंबर कितीले देतं म्हनून." पुढच्या लेखनासाठी ते तिथं रोज जाऊन बसत होते. माल त्यांचा नव्हता. शेंगदाणे खात, लोकांशी थट्टा करत, ते रांग वाचत होते. मी त्यांच्याजवळ बसलो, त्यांच्या हातातले शेंगदाणे खाल्ले. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. हे मी पुन्हा लिहितो... मला सगळं ठाऊक होतं.

पुढे समितीची बैठक झाली. 'झाकलेला भाव'वर एकेक जण बोलला, सगळे मनापासून बोलले. एकाने म्हटलं, असं पुस्तक आपल्याला पुन्हा मिळणार नाही. मी शेवटी होतो. ते बोलत असताना मला माझ्या पुस्तकाची आठवण येत होती, ज्याच्यात मी नव्हतो. माझी पाळी आली. मी म्हणालो, "पुस्तक उत्तमच आहे. फक्त एक गोष्ट नोंदवतो. यांना मी हमीभावाच्या खरेदी केंद्रावर रांगेत पाहिलंय." अध्यक्षांनी विचारलं, "माल घेऊन?" मी म्हणालो, "ट्रॅक्टरजवळ बसले होते." अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "मग तुमची संमती?" "मला जरा संकोच वाटतो." बस, इतकंच. एकही शब्द खोटा नव्हता, पण बांधलेल्या भावाविरुद्ध लिहिणारा माणूस स्वतःचा माल त्याच भावाने विकतो, असं सगळ्यांनी समजून घेतलं. नंतर जेवणात श्रीखंड होतं, ते मी मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "कोनाले भेटलं?"

"यंदा कोणालेच नाही."

"म्हंजे कोनीतरी एक नाही म्हन्ला."

पलीकडे हर्रासीचा ओरडा चालला होता, तो ऐकू येत राहिला. मग ते म्हणाले, "बरं हाय. नाही म्हनाचा हक पाह्यजेच मानसाले." आणि विषय बदलून त्यांनी माझ्या शुगरची चौकशी केली.

त्यानंतर मी रिसोडला जास्तच जाऊ लागलो. आधी भांडायला जायचो, आता पिशवी घेऊन जायचो. कधी डाळिंबं, कधी सुकामेवा. माणूस काय म्हणतो ते सोडा, काय करतो त्यावरून त्याची खरी पसंती कळते, हा त्यांच्या पोथीतला पहिला धडा होता. एकदा पिशवीकडे पाहत म्हणाले, "आजकाल तू रिकाम्या हातानं येत नाही, मास्तर." मी हसलो. ते हसले नाहीत.

शेवटची भेट त्यांच्या दुकानातच झाली. उन्हं कलली होती. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा त्यांच्या जैन घरचा नेम, त्यामुळे मागच्या घरातून त्यांच्या पत्नीचं, भाभींचं बोलावणं येऊन गेलं होतं. ते उठले नाहीत. हमाल निघून गेले होते. त्यांनी खुंटीवरचा दुपट्टा काढला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि तो हात माझ्यापुढे केला. मला वाटलं गंमत. मी हात आत घातला. त्यांची बोटं गार होती.

"बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"तोंडानं नको. तोंडानं तुले जमत नाही. बोटानं सांग. होय तं दाब, नाही तं सोड."

"कायचं होय, पदमभाऊ?"

त्यांनी दुपट्टा ओढून आमचे हात नीट झाकले. दारातून येणारं ऊन गादीवरून सरकत उंबऱ्याकडे जात होतं. आतून भाभींची पुन्हा हाक आली. माझ्या बोटांत ताकद होती, ते नाकारत नाही. एक बोट दाबायचं होतं फक्त... मी हात काढून घेतला आणि म्हणालो, "जेवून घ्या, भाभी वाट पाहून राह्यल्या. गाडी जाईल माझी." त्यांनी दुपट्टा नीट घडी करून खुंटीला लावला. "जा," म्हणाले. "गाडी काही कोनासाठी थांबत नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

ते गेल्यावर न्यासाच्या अध्यक्षांचा फोन आला. यंदा पुरस्कार पदमचंदजींना मरणोत्तर द्यावा असं सर्वांच्या मनात आहे, आणि मानपत्र मी लिहावं, कारण मी त्यांचा जवळचा. जवळचा हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मी त्यांना फोनवरच सगळं सांगितलं. रांग, शेंगदाणे, संकोच. मी समितीतून बाहेर पडतो म्हणालो, तर ते म्हणाले, "ते तुम्ही ठरवा." मी ठरवलं. मानपत्र आता दुसरं कुणीतरी लिहील, आणि ते घ्यायला पदमभाऊ नसतील.

मग मी रिसोडला गेलो. रिकाम्या हाताने. हर्रासी चालू होती, दुकानापुढे शेतकरी, हमाल, खरेदीदार सगळे. भाभी हिशेबाला बसलेल्या प्रकाशजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी म्हटलं, भाभी, बोलायचं होतं. प्रकाश उठला, "चला काका, आत घरी बसू." मी म्हटलं, नको, इथंच. आणि तिथंच, पायरीवर उभा राहून सांगितलं, की त्या वर्षी नाही म्हणणारा मी होतो. जवळचे दोघं-तिघं बोलायचे थांबले. प्रकाशने माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली, ती त्याने अजून माझ्यासमोर वर केलेली नाही. तो त्याचा हक्क आहे.

भाभी म्हणाल्या, "त्यायले माईत होतं."

"मंग कधी बोलले काहून नाहीत?"

"मी म्हन्लं होतं, इचारा एक डाव सरळ. तं म्हने, सांगाले लावलं तं ते सांगनं होत नाही. त्याचं त्यानं सांगावं." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "लय वाट पाह्यली तुमची, भाऊ." मग आत वळून चहा सांगितला, आणि जुन्या सवयीने पुढे म्हणाल्या, "एक बिनसाखरेचा."

तो चहा मी प्यायलो. कसा, ते मला माहीत.

अजूनही मी कधीमधी जातो. प्रकाश कामापुरतं बोलतो, भाभी चहा पाठवतात. दुपट्टा गादीमागच्या खुंटीवरच आहे, पदमभाऊंनी शेवटची घातली होती त्याच घडीत. भाभींनी तो धुतलेला नाही. बाहेर भाव मोठ्याने पुकारले जात असतात. मी बसलो की माझी नजर आधी खुंटीकडे जाते, आणि मग आपोआप माझे दोन्ही हात मी गुडघ्यांवर, समोरच्याला दिसतील असे ठेवतो.