‘लग्न चालू’ लिहिणारे साडू

माझ्या थोरल्या साडूंइतका कमी बोलणारा माणूस सदाशिव पेठेत दुसरा नाही, आणि असलाच तर त्याने तसं अजून कुणाला सांगितलेलं नाही. आयुष्यभर त्यांनी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहिली; सहाशे पानांचा ग्रंथ चार ओळींत बसवायची हाताची सवय पुढे जिभेलाही लागली. दारावर ‘बेल एकदाच’ एवढीच पाटी आहे. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं की ते ‘गुडघा’ म्हणतात आणि पुढचं डॉक्टरांवर सोडतात. माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर मी मोठ्या हौसेने त्यांना दाखवायला नेला, तर लाल पेनाने सगळा आडवा करून त्यांनी खाली लिहिलं, ‘तारीख, वेळ, कार्यालय. या.’

अशा माणसाला इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाचा नाद मीच लावला. या ज्ञानकोशात कुणीही लिहावं, दुसऱ्याने ते खोडावं, आणि दोघांनाही दमडी मिळू नये अशी व्यवस्था आहे. तिथे मी आठ वाजताच्या एका कौटुंबिक मालिकेचं पान सांभाळत होतो. रोजच्या भागाचा सारांश लिहायचा. मी मन लावून लिहायचो; सासूने वाटी आपटली तर ती का आपटली, हेसुद्धा. साडू आले आणि माझ्या तीनशे शब्दांची दोन वाक्यं करू लागले. मालिकेतल्या थोरल्या मुलाचं लग्न एकोणीस भाग चाललं. माझे एकोणीस परिच्छेद खोडून यांनी एकोणीस वेळा लिहिलं, ‘लग्न चालू.’ मी माझे परत घातले, त्यांनी परत काढले. अशा भांडणांसाठी ज्ञानकोशात प्रत्येक पानामागे एक चर्चापान असतं. तिथे त्यांनी लिहिलं, ‘आपला सारांश वाचण्यापेक्षा भाग बघून लवकर होतो.’ मी लिहिलं, ‘आपण ज्ञानकोश आणि लग्नपत्रिका यांत गल्लत करत आहात.’ गंमत म्हणजे हे सगळं फक्त चर्चापानावर. पाडव्याला सासुरवाडीत आम्ही मांडीला मांडी लावून जेवलो, तेव्हा ‘कोशिंबीर सरकवा’ यापलीकडे ते काही बोलले नाहीत. हात धुऊन आतल्या खोलीत गेले आणि पाच मिनिटांत माझ्या फोनवर त्यांची नवी हरकत आली.

साडू रोज संध्याकाळी वारज्याला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे जातात. आक्कांचं विसरणं वाढलंय हे मी ऐकून होतो, म्हणून एकदा भेटायला त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. नातवंडांची नावं आक्कांच्या हातातून निसटली होती, पण ही मालिका त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. आठच्या आधी साडू फोनवर आमचं पान उघडून कालचा सारांश त्यांच्या हातात देत. तो वाचला की त्यांना सगळी माणसं ओळखू येत, आणि अर्धा तास त्या पूर्वीच्या आक्का होत.

त्या दिवशी दुपारीच मी माझा मजकूर मोठ्या विजयाने परत घातला होता. आक्का मोठ्याने वाचू लागल्या आणि पाचव्या ओळीला थांबल्या. “ही ललिता कोण रे?” पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. पुन्हा पाचव्या ओळीला ललिता अनोळखी. मी मध्ये पडून म्हटलं, “आक्का, धाकटी सून ती.”

“लिहिलेलं असेल तर दाखवा,” त्या म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी फोन परत दिला. “बंद कर टीव्ही. मला यातलं कुणी माहीत नाही.”

साडूंनी टीव्ही बंद केला.

परतताना सिग्नलला मीच विचारलं, “अहो, तुम्ही तोंडी का नाही सांगत त्यांना?”

“लहानपणी मी सिनेमा बघून यायचो आणि तिला शेवट खोटा सांगायचो. तेव्हापासून माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही,” ते म्हणाले. मग, सिग्नल सुटता सुटता, “दोन वाक्यं टिकतात तिच्याजवळ. तिसऱ्याला पहिलं जातं.”

“मग हे चर्चापानावर का नाही लिहिलंत?”

“घरातलं आहे. तिथे कशाला?”

मला माझी लाज वाटली. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी मी माझा सगळा मजकूर खोडला. तेव्हापासून मी दोनच वाक्यं लिहितो, आणि छातीठोकपणे सांगतो, आमच्याइतके नेटके सारांश मराठीत कुठल्याच मालिकेचे नाहीत. वाटी का आपटली, यावाचून कुणाचं अडत नाही. साडू तरीही एखादा शब्द काढतातच, पण मी तो परत घालत नाही.

परवा सकाळी बऱ्याच महिन्यांनी चर्चापानावर त्यांची ओळ आली. ‘आपले दुसरे वाक्य चांगले असते. यापुढे एकच पुरे.’ मी ती ओळ कितीतरी वेळ बघत बसलो. विचारावंसं पुष्कळ वाटलं, धीराचं काही लिहावंसंही वाटलं, चांगला परिच्छेदभर झाला असता. मग मी दुसरं वाक्य खोडलं आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं, ‘केलं.’