हरतोय, हरलो नाही

काल ट्रॅममध्ये कुणीतरी गुडघ्याला चोळलेल्या मलमाचा उग्र वास आला आणि खेळाडूंच्या तसल्याच मलमाचा वास सुटलेलं ते रग्बीचं मैदान मला आठवलं.

विलायतेतल्या आमच्या टाउनचा संघ दुसऱ्या श्रेणीत खेळायचा. तो अख्खा सीझन हरण्यातच गेला होता. शेवटच्या मॅचला घरमालकीण मॉरीनबाई मला घेऊन गेल्या. मी एमएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला नापास झालो होतो. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं; तरी ‘शिक्षण सोडून परत येतो’ असं गावाकडे अप्पांना त्याच संध्याकाळी सांगणार होतो.

स्कोअर बघवत नव्हता. लोक निघाले, मीही उठलो. “वी लॉस्ट,” मी म्हणालो.

मॉरीनबाईंनी कोट ओढून मला खाली बसवलं. “लॉस्ट नाही, लव्ह. लूझिंग! मॅच संपल्याचा हूटर वाजला का?”

हे व्याकरण माझ्या तालुक्याच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटच्या मिनिटाला आमच्या एका चिखलाने माखलेल्या खेळाडूने तिघांना अंगावर घेऊन बॉल रेषेपार टेकवून गुण मिळवले. निकाल तोच राहिला, पण आम्ही उरलेले घसा फुटेस्तोवर ओरडलो.

संध्याकाळी अप्पांनी फोनवर विचारलं, “कसं चाललंय?”

“हरतोय, अप्पा. पण हरलो नाही.”

“मग फोनवर काय बोलत बसलायस? अभ्यासाला बस.”