सरांनी बनवलेलं माझं पान

अण्णा सर कोणाचीही ओळख करून देताना त्याला एक पायरी वर चढवत. प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलालाही पाहुण्यांसमोर ‘आमचे तरुण शास्त्रज्ञ’ म्हणत, आणि तो मुलगा दिवसभर ताठ मानेनं वावरे. मी पिंपळगाव राजाहून रोज एसटीनं येऊन त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. मला ते ‘आमच्या पाणीतज्ज्ञ’ म्हणत. लाज वाटे, पण ऐकायला बरंही वाटे.

माझं काम खारपाणपट्ट्यातल्या विहिरींवर होतं. पूर्णाकाठची ती गावं, तोंडात घेताच थुंकावंसं वाटणारं पाणी. सरांचे गुडघे दुखत, तरी ते माझ्यासोबत येत. मी बाटल्या भरेपर्यंत ते काठावर बसून चूळ भरत आणि म्हणत, “यंत्र मंग सांगन, जीभ आधी सांगते.” चूक झाली तर रागवत नसत. तीच बाटली पुन्हा तपासायला लावत आणि शेजारी बसून राहत.

इंटरनेटवर संशोधक म्हणून माझं पान असलं पाहिजे, हा ध्यास त्यांचाच. “काम केलं, पण दिसलं नाही, त कोण इचारते?” असं त्यांचं म्हणणं. एका दुपारी त्यांनी मला अ‍ॅप्रन घालून खिडकीपाशी उभं केलं आणि स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला. केस नीट करायला लावून पुन्हा काढला. माझ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, पदवीवर दुसरं. त्यावर ते अडून बसले. “एकच ठेव. नाही त तिथं दोन बाया होतीन, अन् अर्धं काम दुसरीच्या नावावर जाईन.” विषय, शिक्षण, माझ्या कामाचा उल्लेख कोणी कुठे केला, सगळं त्यांनीच भरलं. पासवर्डही त्यांनीच ठेवला. मी विसरेन म्हणून.

विहिरींवरचा माझा पेपर त्यांनीच पाठवला, छापून आल्याची बातमीही त्यांनीच दिली आणि साऱ्या विभागाला पेढे वाटले. त्याच आठवड्यात जिल्ह्याबाहेरच्या एका कॉलेजातून प्राध्यापकपदाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. पान भरगच्च केलंय, बिनधास्त जा, असं सर म्हणाले.

मुलाखतीत एका बाईंनी लॅपटॉपवर माझं पान उघडलं आणि पाणी गाळण्याच्या कुठल्याशा नव्या पडद्याबद्दल विचारलं. तो पडदा मी कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, हे काम माझं नाही. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पेपरवर माझं नाव होतं, सरांनी ठरवलेल्या त्याच स्पेलिंगमध्ये. खाली असेच आणखी काही पेपर. बाई शांतपणे म्हणाल्या, “मग विहिरींचं काम तरी तुमचंच, हे आम्ही कशावरून मानायचं?” मी माझी फाइल उचलून बाहेर पडले.

बसस्टँडवर येऊन मी माझाच विहिरींवरचा पेपर पहिल्यांदा उघडला. माझ्या नावाच्या आधी दोन अनोळखी नावं होती.

दुसऱ्या दिवशी सर विभागात चहा पीत होते. मी विचारलं, तेव्हा ते दचकलेही नाहीत. त्या दोघांनी त्यांच्या पेपरवर तुझं नाव टाकलं, आपण आपल्या पेपरवर त्यांचं टाकलं, यात कोणाचं नुकसान, असं म्हणाले.

“सर, त्या विहिरींवर ते आले नव्हते.”

“मंग तू कुठं त्या पडद्यापाशी गेली होती?”

त्यांनी मला त्या दोघांच्या रांगेत बसवलं, तेही अगदी सहज. मी पासवर्ड मागितला. तेव्हा मात्र त्यांनी कप खाली ठेवला. “ते पेपर नको काढू, बाई. त्यात माह्यंही नाव हाय. प्रमोशनची फाइल वर गेली. तू काढलं त लोक इचारतीन.”

इतका वेळ मला वाटत होतं, माझ्यावरच्या मायेपोटी त्यांच्या हातून चूक झाली. त्या वाक्यानं तेवढाही आधार राहिला नाही. मी उभीच राहिले. शेवटी त्यांनी पासवर्ड सांगितला, माझ्याकडे न बघता.

न केलेले पेपर मी पानावरून काढले, त्या त्या संपादकांनाही कळवलं. विहिरींच्या पेपरवरची दोन नावं मात्र अजून तशीच आहेत. सरांचा फोन पुन्हा आला नाही, मीही केला नाही. आता मी मोताळ्याकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते.

सरांच्या निरोप समारंभाची पत्रिका घरी आली. बाबा नवी टोपी घालून निघाले. पोरीला पुढं शिकू द्या म्हणून सर एकदा आमच्या ओसरीत तासभर बसले होते, ते बाबा विसरलेले नाहीत. मी येत नाही म्हटलं. बाबांनी कारण विचारलं नाही, एकटेच गेले.

संध्याकाळी परत आले, पाणी प्याले, मग म्हणाले, “सरायनं इचारलं, पोरगी काऊन नाही आली? मी सांगतलं, तिले ताप आहे.”

“बाबा, मले ताप नाही.”

“मले माहीत हाय,” बाबा टोपी काढत म्हणाले. “त्यायलेही माहीत होतं.”