मावशींचं कनेक्शन

“तुमी व्हा फुडं. मला काय घाई न्हाई.”

हे म्हणताना मावशी पदरातला उजवा हात बाहेर काढत आणि पाहुण्याला पाट दाखवावा तसा पुढची जागा दाखवत. बँक, गॅस एजन्सी, डॉक्टरांचा दवाखाना, कुठेही असंच. पुष्कळ माणसं तोंडदेखलं ‘आधी तुम्ही’ म्हणतात, तुम्हीही पाहिली असतील. पण समोरच्यानं ते मनावर घेतलं की त्यांचा चेहरा पडतो. मावशींचा कधी पडला नाही. त्या खरंच बाजूला सरकत. एकदा बँकेत त्यांच्यामागे उभं राहण्याची चूक मी केली. आमच्या दोघींच्या डोळ्यांदेखत काउंटर जेवणासाठी बंद झाला.

कुपवाडच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे आणि समोरच मावशींची खानावळ. दुपारी कामगारांच्या मोटरसायकली दारात लागत आणि मावशींचा आवाज माझ्या काचेतून आत येई. “ए गड्या, आधी हात धू. ऑइलचा हात भाकरीला लावशील तर उपाशी जाशील.” तगडी माणसं मुकाट्यानं नळावर जात. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं ही खानावळ उभी केली, मुलीला इंजिनिअर केलं. बाई अजिबात गरीब स्वभावाची नव्हती. म्हणूनच रांगेत तिचं काय होतं हे मला कळत नसे.

एकदा चिडून विचारलंच.

“आवं ताई, वडूजकडं होते तवा टँकरच्या रांगंत मी कुणाच्या बाला भ्याली न्हाई. बायकांच्या घागरी फोडल्यात, झिंज्या उपटल्यात. हितं आले आन् घरात नळ आला. त्या दिवशी ठरिवलं, आता रांगंत भांडायचं न्हाई. लय भांडून झालं.”

मी आपली पुढच्या वेळेपासून दुसऱ्या रांगेत उभी राहू लागले.

मुलगी लग्न करून जर्मनीला गेली. तिचं पहिलं बाळंतपण आलं. दिवस भरत आले तरी मावशींचा व्हिसा येईना, आणि आला तो अगदी शेवटच्या आठवड्यात. शुक्रवारी सकाळी मुलीला दवाखान्यात दाखल करून कळा आणवणार होते. मावशी लवकरात लवकर गुरुवारी पहाटे मुंबईहून निघू शकत होत्या. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, तोही एकटीनं, मध्ये आखातात विमान बदलून.

जावयानं एक तिकीट शोधून पाठवलं. मधला थांबा जेमतेम तासाभराचा. मी त्याला फोन केला. म्हटलं, पहिलं विमान हेच ठेवू, पण पुढचं हे नको. त्यानंतरचं घेऊ, त्यात शेवटच्या दोनच जागा उरल्यात. मध्ये सहा तास मिळतील, आणि तरीही त्या गुरुवारी संध्याकाळी पोचतील.

“मॅडम, सहा तास आई एकट्या काय करतील? आणि कंपनी ते कनेक्शन विकते, म्हणजे विचार करूनच विकत असेल ना?”

“विचार केलाय, पण बूट घालून पळणाऱ्या माणसाचा. तुमच्या सासूबाईंना तुम्ही रांगेत पाहिलंय?”

“लग्नात पाहिलं होतं. जेवायला सगळ्यात शेवटी बसल्या.”

“शेवटी नाही. बसल्याच नाहीत.”

मागून मुलीनं फोन घेतला. “काकू, कुठलंही काढा. पण आई शुक्रवारच्या आधी इथं पाहिजे.” एवढी कर्तबगार पोर, पण आवाज शाळेतल्या मुलीसारखा झाला होता. “मला लय भ्या वाटतंय.”

मावशी समोरच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. सहा तास म्हटल्यावर कुरकुर करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एकच विचारलं, “मधल्या स्टँडवर दुसरी गाडी चुकली, तर?”

“तर पुढची जागा शुक्रवारची. म्हणजे उशीर.”

“मग लांबचंच काढा. आठ तासाचं न्हाई का?”

आठ तासांचं नव्हतं. सहाचं काढलं.

मग मी त्यांची तयारी घेतली. तुपाचे लाडू पिशवीतून बाहेर काढायला लावले, कारण तिकडे दुधातुपाचं नेऊ देत नाहीत. डिंक, अळीव आणि खारकेची पूड तेवढी राहिली. “लाडू तिकडं जाऊन वळीन,” असं म्हणत मावशींनी काढलेल्यातला एक माझ्या हातावर ठेवला. विमानतळावर कुठल्या पाट्या पाहायच्या, बाहेर पडायच्या दाराकडे का जायचं नाही, गेटचा नंबर कुठे दिसतो, हे मी टेबलावर पेन, स्टेपलर आणि चहाचा कप मांडून समजावलं. शेवटी म्हटलं, “मावशी, तुमचा स्वभाव मी तिकिटात धरलाय. वाटेत कुणाला पुढे सोडायचं ते सोडा. पण शेवटच्या गेटवर एकालाही नाही. तिथं टँकर आलाय असं समजायचं.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “कोपर मारू?”

“लागलं तर मारा.”

पुढचं मला त्यांनी तीन महिन्यांनी परत आल्यावर सांगितलं.

मुंबईहून विमान उशिरा उडालं. आखातात उतरलं तेव्हा जावयानं निवडलेलं पुढचं विमान सुटायच्या बेतात होतं. मावशींनी आधी सगळं विमान रिकामं होऊ दिलं. मग सामान तपासायच्या रांगेत त्यांच्यामागे पिवळ्या टोप्यांची एक टोळी आली.

“सगळ्यांच्या डोक्यावर सारकीच टोपी. म्हटलं, एका घरची मानसं दिसत्यात, आपण कशाला मधी ऱ्हावं? सोडली फुडं. तर मागनं आनिक तेवढीच आली.”

“मग?”

“मग काय? ती बी त्यांचीच की. त्यास्नी कसं तोडायचं?”

मी मनातल्या मनात सहा तासांना नमस्कार केला.

तपासणीच्या यंत्रात डिंकाचे खडे दिसले आणि पिशवी बाजूला काढली. तिथल्या मुलीनं काय विचारलं ते मावशींना कळलं नाही. त्यांनी पोटावर हात ठेवला, मग हाताचा पाळणा करून हलवला. “पोरगी हसली. हाताला धरून गेटाचा रस्ता दावला. चांगल्या घरची व्हती.”

गेटवर मात्र त्यांनी पदर खोचला. विमानात सोडायला लागले तशा सरळ पुढे गेल्या. ती रांग महागड्या तिकिटांची होती. एक सूटवाला काहीतरी बोलला. काउंटरवरच्या बाईनं तिकीट पाहून मागे जायची खूण केली.

“मी म्हटलं, बाई, माझी लेक वाट बघतीया. मी हितनं हालायची न्हाई. तिला मराठी कळत नसंल, पण माझं त्वांड कळलं. मला बाजूला हुबं केलं आन् मग पयलं मलाच सोडलं.”

गुरुवारी संध्याकाळी त्या पोचल्या. दवाखान्यानं नेमलेल्या वेळेची वाट न पाहता पहाटे मुलीला आपोआप कळा सुरू झाल्या. आत जावई होता, पण त्याला घेरी आली. त्याला बाहेर बाकावर बसवून मावशी आत गेल्या. सकाळी नात झाली. लेकीनं त्यांचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी वाकली. वाकलेली बांगडी त्यांनी मला दाखवली, कौतुकानं.

मला आपली एक गोष्ट राहून राहून आठवत होती. “मावशी, तेव्हा आठ तास का मागत होतात?”

मावशींनी चहाची बशी खाली ठेवली.

“ही पोरगी झाली तवा मी सासरी एकटी व्हते. दिस भरायच्या आदीच पोटात दुखाया लागलं. माझी आई आटपाडीकडनं निघालेली, मला माहेरी न्यायला. तिची एस्टी चढाला बंद पडली. मायनीला पोचली तर वडूजची शेवटची गाडी गेलेली. सगळी रात स्टँडवर बसली, मांडीवर डबा घिऊन. सकाळी आली तवा सगळं उरकलं व्हतं. शेजारनीनं नाळ कापली. तवापासनं म्हातारी आजून बी म्हनती, माझी गाडी चुकली, माझी गाडी चुकली.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगून काय, तुमचं इमान लौकर येनार व्हतं व्हय?”

मग त्यांनी मोबाइल पुढे केला. दवाखान्यातला फोटो होता. लेक, तिच्या कुशीत नात, आणि शेजारी वाकलेल्या बांगडीसकट मावशी. “ह्यो कागदावर काढून द्या. मोटा काढा, म्हातारीला कमी दिसतंय.” प्रिंटरमध्ये बसेल तेवढा मोठा कागद घालून मी तो काढून दिला. त्याच दुपारी त्या आटपाडीला गेल्या. आईचं एकटीनं निभत नाही म्हणून तिथेच राहिल्या. खानावळीचं शटर अजून खाली आहे. कामगार आता पुढच्या चौकात जेवतात आणि मी घरून डबा आणते.

परवा मी फोन केला. विचारलं, फोटो बघून आई काय म्हणाल्या?

“काय न्हाई. लय येळ हात फिरवत बसली. मग म्हनली, पोचलीस व्हय गं? आन् दोन भाकरी खाल्ल्या, ताई. येरवी अर्दी बी सरत न्हाई तिला.”